एक थेंब खोबरेल आणि दहा राजेळ्या

लुसी,

तू जिंकलीस. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. पुढे लिहिता लिहिता माझं डोकं फिरेल आणि मी पुन्हा वाद घालायला लागेन, पण हे वाक्य कागदावर राहील. आयुष्यभर आपण भांडलो. केळीच्या बुडाला माती किती लावायची इथपासून चंद्रावर माणूस खरंच गेला का इथपर्यंत. एकदाही मी तोंडाने म्हणालो नाही की धाकटी बहीण बरोबर होती. आता म्हणतो. ऐकायला तू नाहीस, ही तुझी चूक.

काल तू गेल्याला महिना झाला, तुझी मिस्सा झाली. देऊळ वेदीपासून बाहेरच्या क्रुसापर्यंत भरलं होतं. तुझे विद्यार्थी आले होते. टक्कल पडलेले, नातवंडं झालेले, पण तुझं नाव निघालं की अजूनही हात मागे बांधून उभे राहणारे. मिस्सा संपल्यावर आवारात एक बाई माझा हात धरून म्हणाली, "बिचारी टीचर. किती सोसलं हो तिनं."

माझं टाळकं सटकलं. म्हणालो, "बिचारी कोण? आमची लुसी? त्या रोगाला जाऊन विचारा बिचारा कोण ते!"

मोनिकाने माझी बाही ओढली. तुझी वहिनी तुला ठाऊकच आहे, मी आवाज चढवला की आधी बाही ओढते, मग चिमटा काढते. काल चिमट्यापर्यंत गेली. पण मी गप्प बसणार नाही. रडायचं ते रडून झालं, वाडीतल्या बावखलाच्या काठावर, पाण्याशी, केळीखेरीज कोणी बघत नव्हतं. आता हे लिहितो, म्हणजे गास गावच्या आपल्या माणसांना कळेल की तू कशी लढलीस, आणि त्या लढाईत पहिले आठ दिवस शत्रूच्या बाजूने कोण लढत होतं.

मी. मीच लढत होतो.

सुरुवात खाजेपासून झाली. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, आणि तू शाळेतली लाकडी फूटपट्टी पाठीत घालून खाजवत बसलेली. ज्या पट्टीने तू अख्ख्या गावाच्या पोरांचे तळवे लाल केलेस तीच पट्टी. मी म्हणालो, "पोरांचे तळतळाट लागले." तू म्हणालीस, "मग तुझ्या लेकाचा पहिला." मग एका सकाळी मोनिकाने तुझी हनुवटी धरून तुझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि मला हाक मारली. तुझे डोळे पिकल्या वेलची केळ्यासारखे झाले होते.

कावीळ. कावीळ म्हटल्यावर मला औषध ठाऊक होतं. कामणला एक म्हातारा काविळीची माळ घालायचा. कावीळ उतरते तशी माळ लांब होते, छातीवरून पोटापर्यंत येते. मला वाटलं तू नाही म्हणशील. तू म्हणालीस, "घालते की. आणि उद्या सोनोग्राफीलाही जाते. माळ गळ्यात, मशीन पोटावर, बघू कोण पास होतंय. पण दादा, आज माळेची लांबी मोज आणि तारीख लिही. तारीख नसली की तो प्रयोग नाही, त्या गप्पा."

मी वीत आणि बोटं मोजली. आठ दिवसांनी माळ दोन बोटं लांब झाली आणि तुझी कावीळ दुप्पट झाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेत बसून तू ती माळ माझ्या हातात दिलीस. "दोरा ताणला गेला, दादा. एवढंच." मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. कॅन्सर तुला झाला होता आणि रुसलो मी होतो. आता लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

तिथली डॉक्टर बाई आपल्या नातीच्या वयाची. तिने कागदावर यकृत काढलं. मी म्हटलं, म्हणजे कलेजी, तेवढं मला कळतं. कलेजीतून दोन बारीक नळ्या निघतात, पुढे त्यांची एक होते, आणि जिथे त्या मिळतात नेमक्या तिथे तिने पेनाने गाठ काढली. म्हणाली, पित्ताच्या नळीचा कर्करोग.

तुझ्या जागी मी असतो तर विचारलं असतं, किती दिवस. तू विचारलंस, "कापून काढता येईल?" आणि ती उत्तर द्यायच्या आत, "आणि हे झालं कशाने?"

दुसरा प्रश्न ऐकून बाईने पेन खाली ठेवलं. बहुतेक तो कोणी विचारत नसावं. ती म्हणाली, "टीचर, पूर्ण उत्तर आमच्याकडेही नाही. पण पित्तात आम्लं असतात. यकृत ती चरबीच्याच एका पदार्थापासून बनवतं. ती वाहती असली की कामाची. एकाच जागी तुंबून राहिली की नळीचं अस्तर खातात. अस्तर दुखावतं, भरतं, पुन्हा दुखावतं. वर्षानुवर्षं असं झालं की एखादी पेशी बिघडते. आणि ही आम्लं नुसती धुण्याची कामं करत नाहीत, ती पेशींना निरोपही देतात. काही आम्लं सांगतात वाढ, काही सांगतात थांब. त्यांचं गणित बिघडलं की गाठीला बळ मिळतं, असं दिसतंय. आतड्यातले जंतू या आम्लांची रूपं बदलतात, त्याचाही हात असावा. अजून शोध चालू आहे."

"तुमच्यात असंच झालं का, ते सांगता येत नाही," असंही ती म्हणाली. मला ते आवडलं नाही. डॉक्टरने ठाम बोलावं. तुला मात्र तेच आवडलं. बाहेर आल्यावर म्हणालीस, "ठाऊक नाही म्हणणारी डॉक्टर मिळाली, दादा. आपण वाचणार."

पण ऑपरेशन लगेच होणार नव्हतं. नळीबरोबर कलेजीचाही तुकडा काढायचा होता, आणि काविळीने भिजलेली कलेजी ते सोसणार नव्हती. आधी पोटाच्या बाजूने बारीक नळी आत घालून तुंबलेलं पित्त बाहेर पिशवीत काढायचं. सहा आठवड्यांनी बघायचं. अट दोन गोष्टींची. कावीळ उतरलेली हवी आणि वजन चाळीस किलोच्या खाली जाता कामा नये. तेव्हा तू त्रेचाळीस होतीस. सगळं त्या तीन किलोंवर आलं होतं.

घरी सोडताना नर्सने मला बाजूला घेतलं. घरचा कर्ता माणूस म्हणून. सांगितलं, पिशवीतलं पित्त फेकायचं नाही. तपासून घेतलंय, जंतू नाहीत. स्वच्छ भांड्यात घ्यायचं, गाळायचं, थंड करायचं आणि फळांच्या रसात घालून दिवसातून तीन वेळा टीचरना प्यायला द्यायचं. ते बाहेर गेलं तर खाल्लेलं तूप-तेल अंगी लागत नाही, वजन उतरतं, रक्त गोठेनासं होतं.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, ही पोरगी वेडी आहे.

लुसी, तूच सांग, मी काय समजणार? आपण समुद्राकाठची माणसं. हिरू कोळीण आपल्या ओटीवर बसून घोळ मासा कापायची तेव्हा आपण दोघं समोर उकिडवे बसायचो. एकदा तिच्या सुरीचं टोक लागून पित्ताची पिशवी फुटली आणि हिरवं पाणी पसरलं, तेव्हा ती कशी किंचाळली होती! "पानी मार, पानी मार, नायतर सगला म्हावरा कडू होल!" दोन घागरी ओतल्या तरी तो तुकडा मांजरानेही खाल्ला नाही. कोंबडी कापताना आईसुद्धा पहिल्यांदा पित्त शोधून लांब फेकायची. जन्मभर जे फेकत आलो ते बहिणीला पाजायचं? आणि तेही ज्याने तिला कॅन्सर केला म्हणतात ते? देवाच्या दयेने बाहेर निघालेलं विष मी स्वतःच्या हाताने परत घालू?

नाही घातलं. पिशवीतलं पित्त रोज गोठ्यामागच्या राजेळी केळीच्या बुडाशी ओतलं. एका झाडाचा बळी, म्हटलं, चालेल. आणि तुला काय दिलं? काडेचिराईत उकळलं, रंगाला हळद घातली, मोसंबीच्या रसात ढवळलं आणि थंड करून आणून दिलं. तू नाक दाबून ते घटाघट प्यायचीस आणि म्हणायचीस, "वा. कडू आहे म्हणजे अस्सल आहे."

आठ दिवस. दिवसातून तीनदा. मी तुझ्यासमोर उभा राहून ग्लास रिकामा होईपर्यंत हलायचो नाही. किती काळजी करतो भाऊ, असं शेजारी म्हणायचे.

वजन आपण वाडीतच करायचो. आंब्याच्या फांदीला केळ्यांची लोंगरं तोलायचा काटा, काट्याला झोपाळ्याची पाटी, पाटीवर तू. पाय उचलून धरायचीस आणि ओरडायचीस, "दादा, कच्च्याच्या भावाने लावू नकोस!" पहिल्या दिवशी त्रेचाळीस. चौथ्या दिवशी बेचाळीसला कमी. आठव्या दिवशी काटा साडेचाळीसवर थरथरत राहिला आणि त्या दिवशी तू काही ओरडली नाहीस. पाटीवरून उतरताना तुझ्या हिरड्यांतून रक्त आलेलं मी पाहिलं. मला वाटलं, रोग जिंकतोय. जिंकवणारा मीच, हे डोक्यात आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी ग्लास घेऊन आलो तर तू जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसलेली, वर्गात बसायचीस तशी. समोर लोणच्याच्या दोन रिकाम्या बाटल्या, धुतलेल्या. शेजारी खोबरेल तेलाची बुधली. मोनिका दाराला टेकून उभी.

"दादा, बस इथे."

"आधी पी."

"पिते. बस आधी."

तू माझ्या ग्लासातलं पहिल्या बाटलीत ओतलंस. मग पोटाशी लटकणारी पिशवी वर घेऊन तिचा नळ दुसऱ्या बाटलीवर धरलास. सोनेरी हिरवं पित्त, चार बोटं. दोन्ही बाटल्यांत एकेक थेंब खोबरेल. झाकणं लावलीस आणि एक बाटली माझ्या हातात दिलीस.

"हलव."

मी हलवली. तू दुसरी हलवलीस. दोन्ही टेबलावर ठेवल्या. माझ्या बाटलीत तेल वर येऊन ऐटीत तरंगायला लागलं, तळ्यावरच्या पानासारखं. तुझ्या बाटलीत ते सापडेना. सगळं पाणी दुधट झालं होतं, तेल त्यात विरघळल्यासारखं नाहीसं झालेलं.

"सातवीच्या पोरांना हे साबणाने करून दाखवायचे," तू म्हणालीस. "पित्त हा पोटातला साबण, दादा. तेलाला पाण्यात मिसळतो म्हणून तेल अंगी लागतं. आता सांग, तुझ्या ग्लासातलं पित्त साबणाचं काम का करत नाही?"

मी छताकडे बघितलं.

"आठ दिवस माझी शी मातीच्या रंगाची आहे. ते पोटात गेलं असतं तर रंग आला असता. मी दोन दिवस वाट पाहिली, म्हटलं दादा स्वतःहून सांगेल. काय पाजलंस?"

"काडेचिराईत," मी म्हणालो.

मोनिकाने कपाळावर हात मारला. "अरे माझ्या देवा! म्हणून माझा डबा रिकामा!"

"आणि खरं कुठे ओतलंस?"

"गोठ्यामागच्या राजेळीला."

"जळली?"

मी माझ्या बाटलीचं झाकण उगाच पुन्हा आवळलं.

"दादा, राजेळी जळली का?"

"अजून नाही."

"अजून नाही!" आणि तू हसायला लागलीस. इतकी हसलीस की नळीपाशी कळ आली आणि पोट धरून बसलीस. मी तुला धरायला उठलो तर माझा हात झटकलास. हसू थांबलं होतं. म्हणालीस, "मला जगायचंय, दादा. तू मला वाचवायला बघू नकोस. तू मला फक्त मदत कर."

त्या वाक्याने मी आयुष्यात पहिल्यांदा हरलो. पण तोंडाने कबूल कसा करणार? मी झाकण उघडलं, तुझ्या पित्तात बोट बुडवलं आणि चाटलं. तुझं विष असेल तर माझंही होऊ दे, असा काहीतरी विचार होता. देवा, तो कडूपणा! चिराईत त्यापुढे गूळ. आणि तू काय म्हणालीस? "अरे, हात धुतले होतेस का?"

मग तू मला शिकवलंस. माझ्या म्हातारपणी, जेवणाच्या टेबलावर, चार बोटं पित्ताच्या बाटलीसमोर. कलेजी आम्लं बनवते, ती नळीने आतड्यात येतात, तेलातुपाचं काम उरकतात, आणि शेवटी, तू म्हणालीस, आतड्याच्या टोकाला जवळजवळ सगळी शोषली जातात आणि रक्तातून परत कलेजीत. पुन्हा नळी, पुन्हा आतडं. दिवसातून कितीतरी फेरे. कलेजी नवीन फार थोडी बनवते, जुन्यावरच चालवते.

मी म्हणालो, "मग हे आपलं बावखलच की."

तू चष्मा वर सरकवलास.

मी म्हणालो, "बावखलातलं पाणी रहाटाने वर काढायचं, पाटाने केळीत सोडायचं. केळ पिते ते थोडं, बाकीचं वाळूतून झिरपून परत बावखलात. आबा म्हणायचे, हे पाणी आपल्या वाडीत फिरतं, म्हणून वाडी उन्हाळ्यातही हिरवी. पाट मध्येच फुटला आणि पाणी रस्त्याला गेलं तर चार दिवसांत बावखल तळाला. आणि पाट तुंबला तर पाणी तिथेच सडतं, केळीची मुळं कुजवतं. तुझा पाट गाठीने तुंबला होता. डॉक्टरांनी बाजूला चर खणून पाणी काढलं. आणि मी गाढव ते पाणी रस्त्याला सोडत होतो."

 मग टेबलावरची फूटपट्टी उचललीस. मला वाटलं, मारतेस. तू ती माझ्या खांद्यावर टेकवलीस आणि म्हणालीस, "शंभरपैकी शंभर."

लुसी, माझ्या लग्नातसुद्धा मी एवढा फुललो नव्हतो.

त्या दिवसापासून पित्ताचा एक थेंब वाया गेला नाही. मी गाळायचो, बर्फात ठेवायचो, वेळेवर आणायचो. आणि तू एकटीने कडू का प्यावं? मी माझ्यासाठी कारल्याचा रस काढायला लागलो. सकाळ, दुपार, संध्याकाळ, ग्लासाला ग्लास लावून आपण दोघं कडू प्यायचो आणि आधी तोंड वाकडं करेल तो हरला. मोनिका म्हणायची, "दोन म्हातारी पोरं." डॉक्टर बाईने रक्तासाठी इंजेक्शन दिलं, हिरड्यांचं रक्त थांबलं. चौथ्या दिवशी तू न्हाणीतून आरोळी मारलीस, "दादा, रंग आला!" गावात कोणाची बहीण असल्या गोष्टीची आरोळी मारते? मी वाडीतून ओरडलो, "शाब्बास!" शेजारच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतून लोक बघायला लागले.

काटा एक्केचाळीस. काटा एक्केचाळीस आणि पाव. सहाव्या आठवड्यात तू पाटीवर बसलीस, पाय उचललेस, आणि काटा बेचाळीसच्या पुढे गेला. तुझे डोळे तोवर पांढरे झाले होते, मोगऱ्यासारखे. मी आंब्याच्या बुंध्यावर कोयत्याने खूण केली. ती अजून आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर बाई कागद घेऊन आली. तुझं थोडं पित्त आणि काढलेल्या गाठीचा तुकडा अभ्यासाला ठेवून घेऊ का, कोणती आम्लं किती आहेत ते बघायला. तू चष्मा लावून कागद शब्द न शब्द वाचलास, दोन प्रश्न विचारलेस आणि सही केलीस. मला म्हणालीस, "मी रिटायर झाले, पण माझी बाटली शाळेत चालली."

अख्खा दिवस गेला त्या ऑपरेशनला. मी बाकावर रोजरीची माळ जपत बसलो होतो, किती फेरे झाले ठाऊक नाही. सर्जन बाहेर आला, टोपी काढली आणि म्हणाला, "काकांनी चांगलं वजन आणलं हो." मी त्याचे हात धरले. बोलता येईना. मला! बोलता येईना!

त्यानंतर दोन नाताळ. दोन, लुसी. ज्या बाईला तो पहिला नाताळ दिसेल की नाही याची खात्री कोणी देत नव्हतं, ती दोन्ही नाताळांना बाळ येशूचा गोठा सजवायला स्टुलावर चढली. दोन उन्हाळे मोगरा गुंफलास. दहावीला नापास झालेल्या चार पोरी ओटीवर बसवून पास केल्यास. आणि मला घेऊन हॉस्पिटलात तपासणीला गेलीस तेव्हा काय झालं ते मी मरेपर्यंत सांगत राहणार आहे. जव्हारकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला होता, तिला तुझ्यासारखीच नळी. तो पित्त पाजायला तयार नव्हता. डॉक्टर बाईने त्याला समजावलं, नर्सने समजावलं. तो मान डोलवायचा, मी डोलवायचो तशी. मी ती मान ओळखली. म्हणालो, "बाई, मला दोन बाटल्या आणि खोबरेल द्या."

वॉर्डात सगळ्यांसमोर मी तो थेंब टाकला. बावखल सांगितलं, पाट सांगितला, माझा गाढवपणासुद्धा सांगितला. तो माणूस बाटलीकडे बघत राहिला आणि बायकोला म्हणाला, "पी गं." तीन डॉक्टर मागे उभे होते. आणि तू दारात, हाताची घडी घालून, डोळ्यांत पाणी. घरी येताना म्हणालीस, "शेवटची पायरी घाईत केलीस." कौतुक करशील तर शप्पथ.

आणि ती राजेळी. ती जळली नाही. चौदाव्या महिन्यात तिने असं लोंगर टाकलं की दोन टेकू लावावे लागले. वाडीत एवढं लोंगर आबांच्या वेळीही कोणी पाहिलं नव्हतं. तुझ्याच काट्यावर मी ते तोललं आणि मान वर करून म्हणालो, "बघ! पित्ताचं खत!"

"एका झाडाने काही सिद्ध होत नाही."

"डोळ्यांना दिसतंय!"

"ती गोठ्यामागे आहे, दादा. तिला गाईचं मूतही मिळतं. कंदही चांगला असेल. शेजारी दहा झाडं लाव, तीच माती, पित्त नाही. मग बोल."

त्या लोंगराची केळी आपण वाळवून, सुकेळी करून गावभर वाटली आणि वाटता वाटता भांडलो. तो वाद तिथेच राहिला.

पुढे रोग परत आला. या वेळी कलेजीतच, ठिकठिकाणी. डॉक्टर बाईने पुन्हा नळीची गोष्ट काढली, आराम पडेल म्हणून. तू नको म्हणालीस. मी तुझ्यावर ओरडलो. घाबरलीस का म्हणालो, हार मानलीस म्हणालो. नको ते बोललो. तू शांतपणे म्हणालीस, "पहिली नळी जगायला घातली होती. आता जगून झालंय, दादा. भरपूर." त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, अजूनही आहे. पण ते ऐकायला तू थांबली नाहीस. फादर आले, शेवटचं पवित्र तेल लावलं, तू सगळी प्रार्थना त्यांच्याबरोबर म्हटलीस, एका ठिकाणी त्यांचा शब्द चुकला तो दुरुस्तही केलास. आणि दुपारी मोनिका पेज घेऊन आली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणालीस, "दहा झाडं." एवढंच. मला आशीर्वाद नाही, काळजी घे नाही. दहा झाडं.

आता एक गोष्ट, जी तेलाच्या थेंबालाही सापडली नाही. तू आयुष्यभर सांगत आलीस, रिटायर होताना भरल्या सभेत सांगितलंस, की माझ्या दादाने माझ्या शिक्षणासाठी शाळा सोडली. मी पहिल्या रांगेत कॉलर ताठ करून बसलो होतो. खोटं आहे ते. मी चौथीत दोनदा नापास झालो. गुरुजी म्हणाले, बापाला घेऊन ये. आबा त्याच वर्षी गेले होते. मी शाळेतून निघालो तो थेट वाडीत आलो, रहाटाला बैल जुंपला आणि परत गेलोच नाही. तू तेव्हा बिगरीत होतीस. तुझा विचार माझ्या मनातही नव्हता. तुला शाळेत घातलं आईने. तू मला मोठं केलंस आणि मी तसाच राहिलो, कारण ते गोड लागत होतं. माझे तुझ्यावर कसलेच उपकार नव्हते, लुसी. उलट होतं.

तुला हे ठाऊक होतं का? दोन दिवस वाट पाहिली म्हणालीस, दादा स्वतःहून सांगेल. इथे किती वर्षं वाट पाहिलीस?

तू गेल्याच्या आठव्या दिवशी मी त्या राजेळीच्या बुडातली दहा पिलं काढून लावली. तीच माती, तेच बावखलाचं पाणी, गोठ्यापासून सारख्या अंतरावर पाच-पाचच्या दोन ओळी. पित्त नाही, कुठून आणणार. दहाही लोंगरं तेवढीच मोठी आली तर तुझं बरोबर, पित्ताचा त्यात हात नव्हता. लहान आली तर मी तुझ्या कबरीवर येऊन ओरडेन आणि फादर मला हाकलतील. चौदा महिने आहेत. मोनिका म्हणते, या वयात चौदा महिन्यांचा वायदा! मी तिला सांगितलं, परीक्षा दिल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. एकदा पळालो, तेवढं पुरे.

तुझी एक कोरी वही कपाटात सापडली. शंभर पानी. पहिल्या पानावर मी दहा झाडांना दहा आकडे दिले आहेत. आज सकाळी सात नंबरला नवं पान सुटलं, गुंडाळीसारखं, कोवळं, हिरवं. बाकी नऊ अजून विचार करताहेत.

लिहून ठेवलंय. तारीख घातली आहे.